मनोरुग्णांचे शिक्षण : कोंडवाड्यापासून हक्कापर्यंत



मी शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि कायद्याच्या पुस्तकांतून. मनाच्या आजारांवर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न रास्त आहे. माझा अधिकार एका चुकीतून आला आहे.

तीसएक वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका कारखान्यात आमचा एक सभासद वारंवार गैरहजर राहू लागला. यंत्र आपल्याशी बोलते, असे तो म्हणे. चौकशी बसली. त्याची बाजू मांडायला मीच होतो. पण हा आजार आहे, हे मला ठाऊक नव्हते. आम्ही सारे त्याला कामचुकारच समजत होतो. त्याची नोकरी गेली. अज्ञान एकट्या मालकाचे नव्हते, संघटनेचेही होते.

हे अज्ञान जुने आहे. भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने धरावे आणि मॅजिस्ट्रेटने इस्पितळात धाडावे, अशी रीत १८५८ च्या कायद्याने घातली. १९१२ च्या कायद्यानेही मुख्यतः बंदोबस्तच पाहिला. ह्या दोहोंच्या मधल्या काळात, १९०१ साली, ठाण्याचे मनोरुग्णालय उभे राहिले. जुईनगरहून ठाणे ते किती दूर! पण 'ठाण्याला धाडणे' ही आपल्याकडे थट्टा झाली, आणि थट्टा करणाऱ्याला शिकण्याची गरज वाटत नाही.

पुढे १९८७ चा कायदा आला. तो अमलात यायला १९९३ साल उजाडले. तोवर लोक थांबले नव्हते. ठाण्यातच १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणाने त्यांना ह्या कार्याकडे वळविले, आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपटही ह्याच लोकशिक्षणाचा भाग होय.

ह्या शिक्षणात शिकवितात तरी काय? आजाराची लक्षणे कोणती, औषध मनानेच बंद केल्यास काय होते, आजार उलटण्याआधी झोप कशी बिघडते. आणि घरच्यांनी रागे भरण्याऐवजी काय करावे. ज्याला आपला आजार कळतो, तो डॉक्टरांपुढे आरोपीसारखा उभा राहत नाही, प्रश्न विचारतो. लंडनच्या नैऋत्य भागात २००९ साली निघालेल्या 'रिकव्हरी कॉलेजा'त तर आजार भोगलेला माणूसही तज्ज्ञाच्या बरोबरीने शिकवू लागला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याचे विसावे कलम मी पुनःपुन्हा वाचतो. रुग्णालयात शिक्षणाची वाजवी सोय हवी. रुग्णाकडून सक्तीने काम करून घेता कामा नये. आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला दिला पाहिजे. शिक्षण आणि मजुरी एकाच कलमात! कामगाराला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराला काढता येत नाही, असे २०१६ चा दिव्यांग कायदा सांगतो, आणि त्यात मानसिक आजारही धरला आहे. खासगी कारखान्यावर मात्र हे बंधन नाही. तेथे संघटनेलाच उभे राहावे लागेल, आणि त्यासाठी आधी शिकावे लागेल.

आमचा तो सभासद पुढे कोठे गेला, मला कळले नाही. त्या चौकशीत मी दोन वाक्ये जरी बोलू शकलो असतो, तरी निकाल कदाचित वेगळा लागता. ती दोन वाक्ये आज प्रत्येक फाटकावर कोणाला तरी येत असावीत, एवढ्यासाठीच मी हा विषय घेतला.