गळा आणि चेहरा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला. भारतातल्या ह्या पहिल्या बोलपटाचा नायक होता मास्टर विठ्ठल, मूकपटांतल्या तलवारबाजीचा लाडका वीर. त्याला मिळवण्यासाठी अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने मोठी खटपट केली. आधीच्या कंपनीशी केलेला करार मोडल्यावरून खटला उभा राहिला आणि विठ्ठलच्या वतीने बॅरिस्टर जिना न्यायालयात उभे राहिले. एवढे करून पदरात पडलेल्या नायकाला हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हते. तेव्हा संवाद बेताचेच राहतील अशी त्याची भूमिका बेतण्यात आली आणि बऱ्याचशा प्रसंगांत त्याला अर्धवट शुद्धीत ठेवण्यात आले. पहिल्या बोलपटाचा नायक फारसा बोलतच नाही! पुढे विठ्ठल मराठी चित्रपटांतून दिसत राहिला, हळूहळू दुय्यम भूमिकांकडे सरकत गेला.

बोलपट आला आणि संगीत नाटक बुडाले, हे वाक्य आपण सगळेच शिकलो आणि वर्गात शिकवतही आलो. ते खोटे नाही. नाटकगृहांचे पडदे पांढरे झाले, कंपन्यांची बिऱ्हाडे मोडली, हे खरेच आहे. परंतु हा कंपन्यांचा इतिहास झाला. नटाच्या आयुष्याच्या बाजूने पाहू लागलो की आम्हांला निराळेच काही दिसते. जुन्या मंडळीत मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना येई. गाणे, पाठांतर, चालणे-बोलणे, वेष सांभाळणे हे सगळे तो एकाच तालमीत शिके आणि त्या सगळ्याचे मिळून त्याला एकच मोल येई. यंत्राने हे गाठोडे सोडले. गळा वेगळा, चेहरा वेगळा, देह वेगळा असे करून प्रत्येकाचा भाव निराळा लावला.

सुरुवात अर्थातच बोलपटाच्या आधी झाली होती. फाळक्यांनी १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती शोधली ती ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत. साळुंके नावाचा तो तरुण पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाला. त्याच्या गळ्याची चौकशी करण्याचे कारणच नव्हते. सुलोचना म्हणून गाजलेली रूबी मायर्स ही टेलिफोन ऑपरेटर होती, म्हणजे पडद्यावर येण्यापूर्वी आवाजावरच पोट भरणारी. पण बोलपटाला हवी असलेली भाषा तिच्यापाशी नव्हती. तिला थांबून हिंदुस्तानीचे धडे घ्यावे लागले, आणि मगच ती परतली.

रंगभूमीवरच्या गायक नटांना मात्र वाटले की आपले दिवस आले. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. पेटीवादक, संगीतकार, स्वतः नाटक मंडळी चालवलेले. चित्रपटाचे संगीतही त्यांचेच होते. अजून पार्श्वगायन नव्हते. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी मुद्रित होत, म्हणून नटाला कॅमेऱ्यासमोर उभे राहून तिथल्या तिथे गावे लागे. साजिंदे चौकटीबाहेर कुठेतरी दडवलेले असत आणि मायक्रोफोनपासून फार दूर जाण्याची सोय नसे. पण खरी अडचण ह्याहून खोल होती. रंगमंचावरचे पद हे प्रेक्षकांशी चाललेले संभाषण असे. दाद येई, 'वन्स मोअर' येई, नट पुन्हा उचल घेई. दहा मिनिटांचे पद वीस मिनिटांचे होई आणि दुष्यंत-शकुंतला तोवर ताटकळत राहत. चित्रपटातल्या गाण्याला तीन-चार मिनिटांत आटोपायचे असते, आणि समोर दाद द्यायला कोणी नसते. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा खुला आवाज हे ज्याचे आयुष्यभराचे भांडवल, त्याला आता आवाज आवरायला सांगण्यात येऊ लागले.

बालगंधर्वांचे प्रकरण ह्याच प्रकाशात पाहावे असे आम्हांला वाटते. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते संत एकनाथ झाले. तेव्हा त्यांचे वय ४७ होते. तीस वर्षे ज्यांनी मराठी स्त्रीला नेसावे कसे, माळावे कसे हे दाखवले, ते पुरुषवेषात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ह्या अपयशाला हेकेखोरपणा, उतरते वय, व्यवहारशून्यता अशी कारणे नेहमी दिली जातात. ती असतीलही. पण बालगंधर्वांची कला मुळात अंतरावर उभी होती. पुरुष स्त्री होत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असे आणि ते विसरण्यातच त्याचा आनंद असे. ह्या विसरण्याला अंतर लागते, दिव्यांचा उजेड लागतो, सुरांचा ओघ लागतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो तेव्हा विसरण्याची ही मुभा संपते. १९३७ साली बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, तेही साधले नाही. ते रंगभूमीकडे परतले, तोवर रंगभूमीही पूर्वीची राहिली नव्हती. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' रंगवले होते आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली होती.

ह्याच्या अगदी उलट उदाहरण विष्णुपंत पागनीसांचे. तेही लहानपणापासून स्त्री-भूमिका केलेले नट. रंगभूमी सुटली आणि ते मुंबईत गाण्याचे मास्तर झाले. एखाद्याची कारकीर्द इथे संपली असे आपण म्हटले असते. दामले-फत्तेलाल ह्यांनी १९३६ साली त्यांना 'संत तुकाराम' केले. स्त्री-भूमिकेतून अंगात मुरलेला मऊपणा भक्ताच्या देहात असा काही विरघळला की पडद्यावर अभिनय चालला आहे हेच जाणवत नाही. त्यांच्यासमोर आवलीच्या भूमिकेत गौरी, प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी. रंगभूमीच्या जुन्या हिशेबात ह्या दोघांना नायक-नायिकेची जागा मिळाली नसती. तीच गोष्ट केशवराव दात्यांची. संगीताच्या जमान्यात हा महाराष्ट्र नाटक मंडळीचा गद्य नट. पण १९३७च्या 'कुंकू'मधले त्यांचे काकासाहेब पाहावेत. पार्श्वसंगीताचा आधार दिग्दर्शकाने मुद्दाम काढून घेतला आहे, आणि दाते केवळ एका थबकण्यातून लाज दाखवतात. गळा नसलेल्या नटाचे पारडे ह्या यंत्राने जड केले.

तंत्राने कुणाला मारले आणि कुणाला तारले ह्याची यादी करू लागलो तर ती अशी तिरपागडीच निघते. दुर्गा खोटे ह्यांच्यासारख्या सुखवस्तू, शिकलेल्या घरातल्या स्त्रीला ह्या उलथापालथीनेच दार उघडले, हेही त्या यादीत येते.

मंगेशकरांच्या घरात हा सगळा इतिहास एकाच छपराखाली घडला. दीनानाथ हे बळवंत संगीत मंडळीचे गायक नट. 'भावबंधन'मधली लतिका त्यांची. काळाची पावले ओळखून त्यांनी आणि चिंतामणराव कोल्हटकरांनी १९३४ साली बळवंत पिक्चर्सतर्फे 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. तो चालला नाही, मंडळी मोडली. १९४२ साली दीनानाथ गेले, तेव्हा थोरली मुलगी तेरा वर्षांच्या आगेमागे होती. घर चालवण्यासाठी लता मंगेशकर प्रथम उभ्या राहिल्या त्या नटी म्हणून, त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये. ते काम त्यांना कधीच रुचले नाही. पण दरम्यान पार्श्वगायन आले होते. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ते रुळवले होते. बापाच्या ठायी जे एकत्र होते त्यातला फक्त गळा घेऊन मुलीला स्वतंत्र व्यवसाय करता आला. मात्र ह्या गळ्याला सुरुवातीला नाव नव्हते. १९४९च्या 'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून छापले होते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे नाव.

आज हे गाठोडे आणखी बारीक सुटे होते आहे. २०२३ साली अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले. शेवटच्या करारात नटाच्या संगणकीय प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला ह्यांची कलमे आली, आणि गर्दीत उभे राहणाऱ्यांनाही ती लागू झाली. २०२५ साली आशा भोसले ह्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिले. दीनानाथांच्याच घरातला हा गळा. पहिल्या पिढीत तो देहापासून सुटला नव्हता, दुसऱ्या पिढीत देहापासून सुटला, आणि तिसऱ्या टप्प्यावर, गाणारी व्यक्तीही नसताना गाऊ लागला.

पण न्यायालयात जायला आधी आवाज ओळखला जावा लागतो. बळवंत मंडळीत किंवा गंधर्व मंडळीत नांदीला मागे उभी राहणारी पोरे, तंबोऱ्यावर बसणारे, वेष नेसवणारे, ह्यांचे पुढे काय झाले हे मराठी नाट्येतिहासात शोधताना पदोपदी हात रिकामे राहतात. नटांच्या आत्मचरित्रांतून ती एखाद्या ओळीत येतात, बहुधा टोपणनावाने. मुंबईत आज दुसऱ्या भाषांतल्या मालिका-चित्रपटांना मराठी-हिंदी आवाज देणारे कितीतरी कलावंत आहेत. ज्यांचे ओठ पडद्यावर हलतात, नाव त्यांचे असते.