आबा सुतार

आबांचा जन्म कधीचा, ते कागदावर कुठंच नव्हतं. मानमोडीची साथ गेली, त्यानंतर दोन पावसाळ्यांनी हा झाला, असं त्यांची आई सांगायची. म्हणजे १९२० च्या आसपास. फौजेतल्या साहेबानं अंदाजानं एक तारीख घातली, तीच शेवटपर्यंत चालली.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. इकडची पोरं बहुतेक मराठा पलटणीत जायची. आबा गेले खडकीला, बॉम्बे सॅपर्समध्ये. तिथं सुतार, लोहार, गवंडी लागत. वाकस आणि रंधा चालवून दाखवला, भरती झाली. पुढं बोटीनं इजिप्त, तिथनं इटली.

इटलीत जर्मन मागं सरताना नदीवरचे पूल उडवून जायचे, आणि तिथं एक नदी ओलांडली की दुसरी आडवी. मग बेली पूल टाकायचा. लोखंडी जाळीची दहा फुटी चौकट, वजन अडीचशे किलोच्या वर. सहा जणांनी उचलायची, दुसरीला भिडवायची, खीळ ठोकायची. क्रेन नाही, वेल्डिंग नाही. वर लाकडी फळ्या. पलीकडनं तोफा चालू, म्हणून पुष्कळदा काम रात्री अंधारात. आबा म्हणायचे, "पूल म्हंजे काय रं, लांबडी गाडीच की. चाकं न्हाईत येवढंच." किती सोबती नदीत गेले, ते मात्र कधी बोलले नाहीत.

१९४६ ला परत आले. पंधरा वर्षं नोकरी झालेली नव्हती, म्हणून पेन्शन नाही. पदकं ट्रंकेत ठेवली आणि बलुत्यावर बसले. कुळव, पाभर, गाडी. त्यांचं चाक बघण्यासारखं असायचं. बाभळीचं लाकूड ओढ्यात मुरवायचं, सावलीत वाळवायचं. तुंब्यात आरे ठोकायचे, वर पाटे. मग लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. धाव आकसली की सगळं चाक करकचून आवळायचं. आम्ही पोरं वाफेत उभी राहायचो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती बसल्या. ज्या घरांचे खांब आणि तुळया नीट जखडलेल्या होत्या, त्यांच्या भिंती पडल्या पण आढं वर राहिलं, आतली माणसं वाचली. आबांनी ते फिरून बघितलं. पुढचे सहा महिने ते घरंच उभी करत होते. खाचेत कुसू घट्ट बसल्याशिवाय वर कौल चढवू द्यायचे नाहीत. त्या वर्षी त्यांनी कुणाकडं मजुरी मागितली नाही.

नंतर टायरच्या गाड्या आल्या, मागनं ट्रॅक्टर. खळ्यावरचं त्यांचं धान्य आधी कमी झालं, मग बंदच झालं. गावानं हे बरं केलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उतारवयात महायुद्धातल्या सैनिकांचं सरकारी मानधन सुरू झालं, तर पहिल्या पैशातनं त्यांनी नवी करवत आणली!

नव्वदी ओलांडून गेले. शोकसभेत सगळे शूर सैनिक म्हणून बोलले, चाकाचं कुणी काढलं नाही.

आबा शाळेत गेले नव्हते. आकडे फौजेत शिकले, तेही इंग्रजी. कुठला खांब कुठल्या तुळईला, ते कळावं म्हणून लाकडावर कोरून ठेवायचे. आमच्या माजघरातल्या तुळईवर त्यांचा इंग्रजी चार अजून आहे.