डॉक्टरकीची दोन दारे



पगारवाढ आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने वैद्यकीय शाळांच्या इतिहासावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनात आला असेल तर तो गैर नाही. आम्ही डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. जे थोडेबहुत वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कामातून वेळ काढून. परंतु एकाच कामाला दोन दर्जे आणि दोन पगार, हा तंटा आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. वैद्यकाच्या शिक्षणाचा इतिहास चाळताना तोच तंटा आम्हांला तेथेही भेटला, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या लहानपणी नागपूरच्या जुन्या वस्त्यांतून दवाखान्यांच्या पाट्यांवर दोन प्रकारची अक्षरे दिसत. कोठे एम. बी. बी. एस., तर कोठे एल. एम. पी. दुसऱ्या प्रकारचे डॉक्टर तेव्हाच म्हातारे झाले होते. औषध दोघेही देत, सुई दोघेही टोचत आणि रात्री दार ठोठावले तर दोघेही उठत. मग अक्षरांत हा भेद का? याचे उत्तर शोधू लागले की आपण थेट आपल्या गावाच्या इतिहासात शिरतो.

सीताबर्डीवरून रेल्वेमार्ग ओलांडून पलीकडे गेले की मेयो हॉस्पिटल लागते. १९१४ साली या हॉस्पिटलच्या आधाराने नागपुरात एक वैद्यकीय शाळा निघाली. मध्य प्रांताचे त्या वेळचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावावरून तिला रॉबर्टसन मेडिकल स्कूल म्हणत. हे कॉलेज नव्हते, ही शाळा होती, आणि सगळा फरक या एका शब्दात होता. कॉलेजातून विद्यापीठाची पदवी मिळे, शाळेतून परवाना मिळे. परवाना घेतलेल्यांना लायसेन्शिएट म्हणत. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांचा हा अभ्यासक्रम असे. शरीररचना, औषधे, शस्त्रक्रिया, प्रसूती हे विषय दोन्हीकडे होते. पण येथे ते थोडक्यात आणि थोड्या खर्चात उरकत. ज्याच्या बापाला मुलाला मुंबईला किंवा कलकत्त्याला ठेवणे झेपत नव्हते, त्याच्यासाठी हे दार उघडे होते.

दार उघडे होते, पण ते मागचे होते. सरकारी नोकरीत पदवीधर असिस्टंट सर्जन म्हणून लागे, तर लायसेन्शिएट सब-असिस्टंट सर्जन म्हणून. एका ‘सब’ शब्दाने पगार कमी होई, बढती अडे आणि तालुक्याच्या दवाखान्यात आयुष्य जाई. १९३३ साली इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला, तेव्हा त्यातून लायसेन्शिएट वगळले गेले. काम डॉक्टरचे, पण देशाच्या डॉक्टरांत गणती नाही! गिरणीत वर्षानुवर्षे राबून ‘बदली’च राहणाऱ्या कामगाराचे दुःख ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि हे लोक थोडे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्यातील आकडे पाहा. देशात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५००. त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे पाचांतले तीन मागच्या दाराने आलेले. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, असे त्या वेळचे प्रमाण होते.

भोर समितीने निकाल दिला की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, विद्यापीठातून शिकलेला असावा. शाळा बंद कराव्यात किंवा त्यांची कॉलेजे करावीत. समितीतील काही सभासदांना हे पटले नाही. देशाला डॉक्टर हवेत ते लवकर आणि पुष्कळ हवेत, खेड्याला अर्ध्या तपाची वाट पाहायला लावू नका, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. पण बहुमताचा निर्णय टिकला. १९४७ साली नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि रॉबर्टसन शाळेचा काळ संपला. जुन्या लायसेन्शिएटांसाठी देशात ठिकठिकाणी पदवीचे छोटे अभ्यासक्रम निघाले. १९५६ च्या नव्या कायद्याने त्यांच्या परवान्यांनाही परिशिष्टात जागा दिली. एक अन्याय मिटला. परंतु तालुक्याच्या दवाखान्यात कोण बसणार, हा प्रश्न तेथेच राहिला.

आता आपण समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत हाच तंटा वेगळ्या वाटेने सुटला, आणि आमच्या मते त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेतील वैद्यकीय शाळा मराठी माणसाला परकी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली तेथे गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एम. डी. झाल्या. हे कॉलेज स्त्रियांसाठी वेगळे का काढावे लागले? पुरुषांच्या कॉलेजांची दारे स्त्रियांना बंद होती म्हणून. तेव्हा दुसरे दार नेहमी कमी प्रतीचे असते असे नाही. पुष्कळदा पहिले दार बंद असते, म्हणून ते उघडावे लागते.

आनंदीबाई पदवी घेऊन निघाल्या त्यानंतर सहा वर्षांनी, १८९२ साली, मिसूरी राज्यातील कर्क्सव्हिल या लहानशा गावी आणखी एक निराळे दार उघडले. ते उघडणारा अँड्र्यू टेलर स्टिल हा धर्मोपदेशक बापाचा मुलगा. बापाच्या हाताखाली आणि अनुभवाने तो डॉक्टर झाला होता. १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुले गेली. त्या काळी वैद्यक म्हणजे पाऱ्याची औषधे, जुलाब आणि रक्त काढणे. हे उपचार रोगापेक्षा घातक आहेत असे त्याच्या मनाने घेतले. हाडे, सांधे आणि स्नायू जागच्या जागी असले, रक्ताभिसरण मोकळे असले, म्हणजे शरीर आपले आपण बरे होते, असा सिद्धांत त्याने १८७४ साली मांडला आणि त्याला ऑस्टिओपॅथी असे नाव दिले.

आपल्याकडे कोणाच्या कंबरेत उसण भरली किंवा पाय मुरगळला की हाडवैद्याकडे नेतात. ओझे उचलून पाठ धरलेला हमाल आजही आधी तेथेच जातो. स्टिलची विद्या वरवर पाहता याच जातीची होती. पण हाडवैद्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाते आणि घरातच राहते. स्टिलने शाळा काढली. पहिल्या वर्गात एकवीस विद्यार्थी होते, त्यांत स्त्रियाही होत्या. शरीररचना शिकवण्यासाठी एडिंबरोत शिकलेला विल्यम स्मिथ नावाचा डॉक्टर त्याने बोलावला. मिसूरीच्या सनदेप्रमाणे त्याला एम. डी. पदवी देता आली असती. पण त्याने मुद्दाम डी. ओ. अशी आपली निराळी पदवी ठेवली.

स्टिलचा सगळा सिद्धांत खरा होता असे मात्र नव्हे. प्रत्येक रोगाचे मूळ हाडासांध्यांत शोधणे ही त्याची चूक होती. औषधांवरचा त्याचा राग त्या काळापुरता समजण्यासारखा होता. पण पुढे जंतूंचा शोध लागला, लसी आल्या, आणि तो राग धरून बसणे रोग्याच्या जिवावर बेतले असते. १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शाळांचा जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात या शाळांवरही कडक ताशेरे होते. प्रयोगशाळा अपुऱ्या, रुग्णालये अपुरी, सगळी भिस्त विद्यार्थ्यांच्या फीवर.

येथे या लोकांपुढे दोन मार्ग होते. टीकाकाराला शत्रू ठरवून आपल्या गुरूचे वचन उराशी धरायचे, किंवा टीकेतले खरे तेवढे घेऊन शाळा सुधारायची. त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९१७ साली स्टिल वारला. १९३० च्या सुमारास औषधशास्त्र अभ्यासक्रमात रीतसर आले. प्रवेशाच्या अटी वाढल्या, अभ्यासाची वर्षे वाढली, त्यांनी स्वतःची रुग्णालये बांधली. आणि प्रत्येक राज्याच्या विधिमंडळात जाऊन परवान्यासाठी ते भांडत राहिले. पहिले यश १८९६ साली व्हरमाँट राज्यात आले. शेवटच्या राज्यापर्यंत पोचायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यांना डॉक्टर म्हणून घेतले नाही. तेव्हा एम. डी. आघाडीवर गेले आणि गावोगावचे रोगी या दुसऱ्या डॉक्टरांकडे आले. ते रोगी पुढेही त्यांना धरून राहिले.

या लढ्यातील एक प्रकरण संघटनेच्या माणसाने अवश्य वाचावे. १९६१-६२ साली कॅलिफोर्नियात दोन्ही डॉक्टर-संघटनांचा समेट झाला. तेथील ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजाचे साधे मेडिकल कॉलेज झाले आणि सुमारे दोन हजार डी. ओ. डॉक्टरांना पासष्ट डॉलर भरून एम. डी. ही अक्षरे मिळाली. मोबदल्यात पुढे कोणाही नव्या डी. ओ.ला त्या राज्यात परवाना मिळणार नव्हता. आज आत असलेल्यांची सोय झाली आणि उद्या येणाऱ्यांच्या तोंडावर दार लागले. असे करार आम्ही आमच्या क्षेत्रातही पाहिले आहेत. पण ही तडजोड टिकली नाही. कालपर्यंत ज्यांना कमी प्रतीचे म्हटले, ते पासष्ट डॉलर भरताच एका दिवसात बरोबरीचे कसे झाले, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. १९६६ साली सैन्याने डी. ओ. डॉक्टरांना प्रवेश दिला. १९६९ साली मिशिगनमध्ये सरकारी विद्यापीठाच्या आश्रयाने ऑस्टिओपॅथीचे कॉलेज निघाले. १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेथील बंद दार पुन्हा उघडले.

आज तेथे ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात शिकायचे म्हणजे काय करावे लागते? आधी साधी पदवी, मग एम. डी.च्या उमेदवारांचीच प्रवेश परीक्षा. पुढे चार वर्षे. पहिल्या दोन वर्षांत शवविच्छेदन, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र. त्याबरोबर हातांनी सांधे, मणके व स्नायू तपासून उपचार करण्याचे सुमारे दोनशे तासांचे खास शिक्षण. हेच काय ते वेगळेपण. नंतरची दोन वर्षे रुग्णालयात पाळीपाळीने औषधविभाग, शस्त्रक्रिया, बालरोग, प्रसूती, मनोविकार. तीन टप्प्यांची परवाना परीक्षा, आणि त्यापुढे तीन ते सात वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम. २०२० पासून या निवासी शिक्षणाची मान्यता दोन्ही पदव्यांना एकाच व्यवस्थेतून मिळते. त्या देशात वैद्यक शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांमागे आज सुमारे एक विद्यार्थी या कॉलेजांत असतो. मात्र इंग्लंडादी देशांत ऑस्टिओपॅथ म्हणजे केवळ हातांनी उपचार करणारा. तो पूर्ण डॉक्टर नव्हे. नाव एक असले तरी शिक्षण एक नसते, हे विसरू नये.

हे सगळे सोन्याचे आहे असे आम्ही म्हणत नाही. फी भारी असते आणि विद्यार्थी कर्जात बुडतो. कोलोरॅडोत २००८ साली तर नफ्यासाठी चालवलेले असे कॉलेज निघाले. हाताच्या उपचारांचा कंबरदुखीत काही उपयोग दिसतो. पण कवटीची हाडे हलवून रोग बरा करण्याच्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. तरी एक गोष्ट जमेची आहे. या डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक लोक घरगुती वैद्य, बालरोग आणि सामान्य औषधविभाग यांत काम करतात, आणि वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी यांसारख्या कोळसाखाणींच्या मुलखात मुद्दाम अशी कॉलेजे काढली गेली.

म्हणजे एकच तंटा दोन रीतींनी मिटला. आपण खालचे दार बंद केले. त्यांनी ते उंच केले. बंद करणे सोपे असते, एका ठरावाने होते. उंच करायला दोन पिढ्या लागतात. पण उंच केलेल्या दारातून माणसे येत राहतात.

आणि आपले बंद केलेले दार खरोखर बंद झाले काय? २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे देण्याची वाट काढली. त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत आणि न्यायालयांत वाद पेटला. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात, बत्तिसाव्या कलमाने, मर्यादित परवान्याच्या ‘सामुदायिक आरोग्य सेवका’ची तरतूद केली. रॉबर्टसन शाळेतला लायसेन्शिएट नाव बदलून पुन्हा उंबऱ्याशी आला आहे. याचे कारण उघड आहे. नागपुरात आज मेडिकल आहे, मेयो आहे, २०१८ पासून एम्स आहे. पण गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या बाईला यांतले काहीच जवळ नाही.

ही गरज कोणी नाकारू नये. परंतु प्रत्येक नव्या दारापाशी आपण नागरिकांनी चार प्रश्न विचारावेत. येथून येणारा किती वर्षे आणि कोणत्या रुग्णालयात शिकला? त्याची परीक्षा इतरांच्या तोडीची आहे काय? कामाच्या मानाने त्याला दर्जा आणि पगार आहे काय? आणि पुढे शिकून बरोबरीला येण्याची वाट त्याला ठेवली आहे काय? चारही उत्तरे होकारार्थी असतील तर पाटीवरच्या अक्षरांना भिण्याचे कारण नाही. नसतील, तर गरिबाच्या गावी स्वस्त डॉक्टर पाठवण्याचा तो बेत आहे असे समजावे. आणि त्यात फसवणूक दोघांची होते, रोग्याची आणि त्या डॉक्टरचीही.

जुन्या एल. एम. पी. डॉक्टरांच्या पाट्या आता बर्डीवर दिसत नाहीत. ते कमी शिकले होते हे खरे. पण त्यांना अधिक शिकवायचे सोडून आपण त्यांना कमी लेखले, हेही तितकेच खरे. नवे सेवक नेमताना तेवढे जरी आपण ध्यानात ठेवले, तरी या इतिहासाचा उपयोग झाला असे आम्ही मानू.