आलेखाची निवड : प्लेफेअरपासून आलेखांच्या व्याकरणापर्यंत

हाती असलेल्या आकडेवारीसाठी कोणता आलेख योजावा, हा प्रश्न संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास नित्य पडतो, व त्याचे उत्तर तो बहुधा रेषालेख, स्तंभालेख, वृत्तालेख अशा नामावलीत शोधतो. परंतु या प्रश्नाचा इतिहास पाहता असे दिसून येते की, नामावली मागे पडून नियम पुढे आले तेव्हाच या निवडीस शास्त्राचे स्वरूप प्राप्त झाले.

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली 'कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस' हा ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध केला. त्यातील ४४ आलेखांपैकी ४३ कालक्रमानुसार होणारे बदल दर्शविणारे होते. उरलेला एक स्कॉटलंडच्या १७ देशप्रदेशांशी चाललेल्या आयात-निर्यातीचा होता. त्यासाठी प्लेफेअरपाशी १७८०-८१ या एकाच वर्षाचे आकडे होते. काळाचा ओघच नाही, तेथे रेषा कशाची काढावयाची? म्हणून त्याने प्रत्येक देशासमोर आडव्या पट्ट्या काढल्या. काळाचा अंतर्भाव नसल्यामुळे हा आलेख इतरांहून कमी उपयुक्त आहे, असे त्याचे स्वतःचे मत होते. तथापि आज सर्वत्र रूढ असलेला स्तंभालेख या उणिवेतूनच जन्मास आला. पुढे १८०१ साली 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी' या ग्रंथात तुर्की साम्राज्याचे आशिया, युरोप व आफ्रिका या खंडांतील विभाग दाखविण्यासाठी त्याने विभागलेले वर्तुळ योजिले. बदल, तुलना आणि अंश या तीन भिन्न प्रश्नांतून ही तीन रूपे निघाली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यानंतर दीर्घकाळ आलेखाची निवड मुख्यत्वे रूढी व अभिरुची यांवर अवलंबून राहिली. १९६७ साली फ्रान्समध्ये झाक बर्तँ यांनी स्थान, आकारमान, रंग, दिशा इत्यादी दृश्य घटकांमध्ये आलेखाचे पृथक्करण केले. वाक्याची पदे निराळी करावीत, तसेच हे कार्य होते. १९८४ साली विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅगिल या अमेरिकन संशोधकांनी या घटकांचे वाचन मनुष्य कितपत अचूक करतो, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. समान मापरेषेवरील स्थानाचे वाचन सर्वांत अचूक ठरले. लांबी व कोन त्याखाली आणि क्षेत्रफळ त्याहून खाली. एका प्रयोगात कोनाच्या वाचनातील चूक स्थानाच्या वाचनातील चुकीच्या सुमारे दुप्पट आढळली.

हे ज्ञान यंत्रास शिकविण्याचा महत्त्वाचा प्रयत्न जॉक मॅकिन्ले यांनी १९८६ साली केला. त्यांनी दोन कसोट्या मांडल्या : आलेखाने आकडेवारीतील सर्व काही, आणि तेवढेच, सांगावे, व ते वाचकास सुलभ रीतीने सांगावे. मोटारींचे मूळ देश स्तंभांच्या लांबीने दाखविल्यास लांब स्तंभाच्या देशाची मोटार अधिक मोठी वा सरस असल्याचा भास होतो. असा आलेख आकडेवारीत नसलेले विधान करतो. सबब तो सदोष होय.

१९९९ साली लेलँड विल्किन्सन यांनी आपल्या ग्रंथास 'द ग्रामर ऑफ ग्राफिक्स' असेच नाव दिले. त्यांच्या विवेचनात वृत्तालेख हा स्वतंत्र प्रकार उरत नाही. एकावर एक खंड रचलेला स्तंभ ध्रुवीय निर्देशकांत मांडला की वृत्तालेख सिद्ध होतो. हॅडली विकम यांनी 'आर' या संगणकभाषेसाठी रचलेल्या 'जीजीप्लॉट २' या साधनाने हे व्याकरण प्रत्यक्ष व्यवहारात आणले.

परंतु या सोयीतच धोका आहे. एका लहानशा आज्ञेने स्तंभाचे वर्तुळ होते. त्यासरशी लांबीचा कोन होतो व वाचकाचा अंदाज ढळतो. यंत्र मात्र तक्रार करीत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही रूपे शुद्धच असतात. शुद्ध वाक्य सत्य वा सुबोध असतेच असे नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस नवी नाही. व्याकरण कोणती रूपे शक्य आहेत ते सांगते. त्यांतील उचित कोणते, हे आकडेवारीचे स्वरूप आणि वाचकाने करावयाची तुलना यांवरूनच ठरते. रेषेसाठी काळ नाही हे ओळखून पट्टी काढणाऱ्या प्लेफेअरने केला, तोच विवेक आज आज्ञावली लिहिणाऱ्यासही करावा लागतो.