टेम्पो, टाकी, पंप... आणि ते घाण पाणी? फिरत्या ट्रक-धुलाईची गोष्ट

परवा कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ चहा पीत उभे होतो. समोर चिखलाने माखलेल्या ट्रकची ही भलीमोठी रांग. मित्र म्हणाला, "एक टेम्पो घ्यायचा, त्यावर टाकी आणि प्रेशर पंप. इथेच येऊन गाड्या धुवायच्या. जागेचं भाडं शून्य!"

आयडिया भारी आहे, पण नवी नाही. अमेरिकेत हा धंदा कित्येक दशकं चालू आहे. त्यांचा हिशेब कुठे चुकला, तीच आजची गोष्ट.

सुरुवात होते वाफेपासून. १९२०च्या दशकात पिट्सबर्गच्या परिसरात फ्रँक ओफेल्ट नावाचा माणूस पाणी तापवायच्या यंत्रावर काम करत होता. असं सांगतात की यंत्रातून सुटलेल्या वाफेने जमिनीवरचं ग्रीस साफ झालेलं त्याला दिसलं. त्यातून वाफेने धुणारं मशीन आलं, 'जेनी'. ते इतकं चाललं की तिकडचे मेकॅनिक अशा कुठल्याही मशीनला 'स्टीम जेनी'च म्हणायला लागले.

पुढचा टप्पा जर्मनीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकन सैन्याने आपली वाफेची मशीन्स दुरुस्तीला दिली, ती आल्फ्रेड कार्शर यांच्या कारखान्यात. दुरुस्ती करता करता त्यांनी स्वतःचंच मशीन बनवलं. १९५० साली आलेलं डीएस ३५० हे युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय-प्रेशर मशीन. कार्शर १९५९ मध्ये गेले आणि कंपनी त्यांच्या पत्नी इरेन यांनी पुढे चालवली. (त्यांच्यावर एक अख्खा भाग करायचाय, बघू.)

आता गंमत बघा. अशी मशीन्स लहान झाली, पेट्रोल इंजिनावर चालायला लागली, तेव्हा ती गाडीवर चढली. धुलाईवाल्याकडे ट्रकने यायचं, याऐवजी धुलाईवालाच ट्रककडे जायला लागला. ट्रकमालकालाही हे परवडतं. ड्रायव्हरचे तास वाचतात, डिझेल वाचतं, आणि शनिवार-रविवारी गाड्या यार्डात नुसत्या उभ्याच असतात.

अडचण वजनाची. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन. पंप मिनिटाला १५ लिटर फेकत असेल तर तासाभरात टाकी संपली! म्हणून पाणी कमी आणि केमिकल जोरदार, असा मार्ग निघाला. आधी ॲसिड मारायचं, मग अल्कली, मग प्रेशरने धुवायचं. ब्रश लावायचीच गरज नाही, ॲल्युमिनियम चकाचक. पण काही ॲसिडमध्ये असतं हायड्रोफ्लोरिक ॲसिड, आणि हे फार लबाड आहे. पातळ असेल तर लगेच झोंबत नाही. त्वचेतून आत जातं, शरीरातल्या कॅल्शियमला धरतं, आणि दुखायला लागेपर्यंत काही तास उलटलेले असतात. एकट्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या धुणाऱ्या ४८ कामगारांना याने भाजल्याची नोंद आहे. चकाकी कोणाच्या हाताच्या जिवावर येत होती, हे ट्रकमालकाच्या बिलात दिसत नाही.

आणि आता मुख्य घोळ. ग्रीस, डिझेल, ॲसिड मिसळलेलं ते पाणी जायचं कुठे? यार्डाच्या उतारावरून पावसाळी गटारात. तिकडे बऱ्याच शहरांत दोन वेगळ्या वाहिन्या असतात. सांडपाण्याची वाहिनी शुद्धीकरण केंद्रात जाते, पावसाची मात्र थेट ओढ्यात किंवा नदीत. १९६९ मध्ये क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला, देशभर चर्चा झाली. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांचा नकार डावलून संसदेने क्लीन वॉटर ॲक्ट केला. त्याचा मुख्य रोख कारखान्यांच्या आणि शहरांच्या पाइपांवर होता. फिरता धुलाईवाला त्यात सहज सुटायचा, कारण त्याचा पत्ताच नाही! १९८७च्या दुरुस्तीने पावसाळी गटारंही कायद्यात ओढली, १९९०चे नियम आले, आणि या गटारांत पावसाशिवाय दुसरं काय जातंय हे बघणं मोठ्या शहरांवर बंधनकारक झालं.

झालं, धंद्याचं गणितच बदललं. गटाराच्या जाळीवर झाकण, ट्रकखाली उंच कडांची ताडपत्री, साचलेलं पाणी ओढायला व्हॅक्यूम पंप, आणि ते ठेवायला दुसरी टाकी. "आमचा साबण निसर्गात विरघळतो" हे उत्तर चालत नाही, कारण साबणासोबत ट्रकचं तेलही वाहतंच ना. जागेचं भाडं शून्य होतं खरं, पण इतकी वर्षं ते भाडं नदी भरत होती.

आपल्याकडे जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्येच आलाय, अमेरिकेनंतर अवघ्या दोन वर्षांत. मुंबईतही पावसाळी वाहिन्या वेगळ्या आहेत आणि त्या नाल्याखाडीतून समुद्राकडे जातात.

हे सगळं मी मित्राला चहा संपेपर्यंत ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून म्हणाला, "थांब, म्हणजे टाक्या दोन धरायच्या. मग टेम्पो मोठा लागेल."