इरले, घोंगडी आणि छत्री

पावसाळ्यात तोफेलाही अंगरखा लागतो, हे आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना पुरते ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडकोटांच्या व्यवस्थेचा विचार करताना पर्जन्यकाळाचीही दखल घेतलेली आहे. दरवाजांना व तोफांना तेलमेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत आणि त्या भिजू नयेत असे जामे त्यांच्यावर घालावेत, असा त्या सूचनांचा आशय. येथे योजलेला ‘जामा’ हा शब्द मोठा बोलका आहे. दरबारी पुरुष जो घेरदार जामा अंगात घालीत, त्याच नावाचे वस्त्र तोफेच्या वाट्याला आले. त्या तोफेजवळ धुक्यात पहारा करणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असे? या प्रश्नाचे उत्तर राजकीय कागदपत्रांपेक्षा शेतशिवारात शोधणे अधिक फलदायी ठरते.

याचे कारणही उघड आहे. मराठ्यांच्या मोहिमांचे वर्ष दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने सुरू होई आणि मृगाच्या तोंडावर आटोपे. चार महिने फौज एक तर छावणीला असे किंवा घरी शेतीला जाई. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात लिहिलेले सुप्रसिद्ध पत्र याच चार महिन्यांच्या चिंतेतून लिहिले गेले आहे : दाणा-वैरण बेताने खर्च करा, रयतेला उपद्रव देऊ नका. म्हणजे भर पावसात उघड्यावर राबणारा माणूस हा शिपाई कमी आणि शेतकरी जास्त. पावसाळी पेहरावाची खरी परंपरा त्यानेच आणि त्याच्या घरच्या स्त्रियांनी घडविली.

या परंपरेतील माझ्या मते सर्वांत बुद्धिमान वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या बारीक कांबींचे दोन जाळीदार पदर विणायचे, त्यांच्यामध्ये पळसाची किंवा रानातली तशीच रुंद पाने एकावर एक दाबून बसवायची आणि कडा बांधून टाकायच्या. आकार पालथ्या होडीच्या अर्ध्या तुकड्यासारखा; एक टोक डोक्यावर, दुसरे कंबरेच्या खाली. कोकण, गोमंतक, खानापूर-चंदगडचा घाटमाथा या पट्ट्यात ही वस्तू बुरूड किंवा घरचीच जाणती माणसे करीत. शेजारच्या कन्नड मलनाडात तिचेच भावंड ‘गोरबु’ म्हणून ओळखले जाते आणि दूर मेघालयात खासी शेतकरी ‘कनुप’ पाठीवर घेतात. एकमेकांच्या भाषेचा गंधही नसलेल्या या लोकांना एकच युक्ती सुचावी, याचे नवल वाटायला नको. भाताची लावणी सगळीकडे एकाच पद्धतीने होते : गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी.

इरल्याचे सारे मर्म त्या दोन हातांत आहे. उभ्या माणसाला इरले काहीसे गबाळे दिसते. मागे लोंबते, वाऱ्याने हलते. पण तोच माणूस वाकला की ते त्याच्या पाठीवर कासवाच्या कवचासारखे चपखल बसते आणि हात पूर्ण मोकळे राहतात. बाजूंनी वारा खेळत असल्यामुळे आतले अंग घामेजत नाही. नऊवारीचा काचा गुडघ्यापर्यंत खोचलेला आणि वर इरले, हा लावणीचा वेष आज आपल्याला चित्रातल्यासारखा वाटतो; पण त्यातील प्रत्येक भाग कामाच्या गरजेने ठरलेला होता. शोभा त्यात असलीच तर ती नंतर पाहणाऱ्याची.

घाट चढून देशाकडे आले की पाऊस मंदावतो, वारा वाढतो आणि इरल्याची जागा घोंगडी घेते. धनगरांच्या मेंढ्यांची काळी लोकर, खड्ड्याच्या मागावरचे विणकाम आणि शेवटी चिंचोक्याची खळ. या खळीमुळे नव्या घोंगडीला असा ताठपणा येतो की, ती पांघरली तर अंगाला बोचते. पण दोन कोपरे एकमेकांत खुपसून तिची खोळ केली की ती डोक्यावर टोपरासारखी उभी राहते आणि रिमझिम पाऊस बराच वेळ तिच्या पृष्ठभागावरून ओघळत राहतो. लोकरीचा स्वभावही येथे उपयोगी पडतो. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही ती हाताला फारशी ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. सुताची मात्र याच्या उलट गत.

या लोकरीने आणखी एक अडचण दूर केली, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सोवळ्याचे वस्त्र रोज धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवावे लागे. आषाढ-श्रावणात ते वाळणार कसे? वलणीवरची धोतरे-लुगडी तीन-तीन दिवस ओलसर आणि त्यांना येणारा तो कोंदट वास! तान्ह्या मुलाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवीत. पण सोवळ्याला तो उपाय पुरेसा नसे. तेव्हा शास्त्राने लोकरीला आणि रेशमाला मोकळीक दिली आणि घरोघर धाबळी आली. धाबळी धुवावी लागत नाही, ओवळीही सहज होत नाही. ज्या लोकरीची खोळ करून धनगर माळावर मेंढ्या राखीत असे, तीच लोकर नेसून शास्त्रीबुवा पानावर बसत. दोघांची पंगत एक होणे शक्य नव्हते. पाऊस मात्र एकच होता.

छत्रीचा इतिहास याहून अगदी निराळा. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकाला छत्री म्हटले की आधी शिंद्यांच्या-होळकरांच्या स्मारकांची दगडी वास्तू आठवेल, आणि त्यात गैर काहीच नाही. छत्री ही मुळात पावसाची वस्तूच नव्हे. संस्कृतात तिला ‘आतपत्र’ म्हणतात, म्हणजे उन्हापासून राखणारे. मराठी दरबारातील ‘अबदागीर’ हा फारसी ‘आफताबगीर’चा अपभ्रंश, त्यातला आफताब म्हणजे सूर्य. इंग्रजी ‘अम्ब्रेला’च्या मुळाशी लॅटिन ‘उम्ब्रा’, म्हणजे सावली; पोर्तुगिजांच्या ‘सोंब्रैरु’तही सावलीच. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाच्या १५९६ च्या ग्रंथातील चित्रांत पोर्तुगीज गृहस्थ डौलात चालले आहेत आणि मागून सेवक त्यांच्यावर भली मोठी छत्री धरतो आहे. छत्र धरणारा हात दुसऱ्याचा असणे, हेच त्या वस्तूचे वैभव. छत्रपती या पदवीचा अर्थही त्याच परंपरेतून येतो. आणि जी वस्तू मान देते ती नाकारताही येते : केरळात नाडरांसारख्या जातींना छत्री वापरण्याची मनाई होती. तेथील पाऊस आपल्या कोकणाहून सौम्य नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मनाईची क्रूरता कळते.

युरोपातही पुरुषाने पावसात छत्री धरणे बराच काळ हास्यास्पद समजले जाई. लंडनमध्ये १७५० च्या दशकात जोनास हॅनवे या गृहस्थाने ती धरली, तेव्हा भाड्याच्या गाडीवाल्यांनी त्याची टर उडविली. धंदा बुडण्याची त्यांना धास्ती! सॅम्युएल फॉक्सने १८५२ मध्ये पोलादी पन्हळीच्या काड्या आणल्या, तेव्हा छत्री हलकी आणि स्वस्त झाली. मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी १८६० पासूनची आहे. कारकून, मास्तर, वकील यांच्या हाती काळी छत्री आली ती या काळात. सेवकाचा हात गेला आणि स्वतःचा एक हात गुंतला. ज्याचे काम एका हाताने भागते, अथवा पावसात ज्याला कामच करावे लागत नाही, त्याचीच ही वस्तू. लावणीच्या वेळी शेतात वाकलेली इरली आणि बांधावर उभी असलेली एकच छत्री, हे दृश्य आमच्या भागात मी लहानपणी कैकदा पाहिले आहे. बांधावर उभे कोण, हे वेगळे सांगावे लागत नसे.

रेनकोटाविषयी थोडक्यात. चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य वस्त्राचे पेटंट घेतले. पण ते थंडीत कडक होई आणि उन्हाळ्यात चिकट. गुडइयरने १८४४ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट मिळविल्यावर हा दोष गेला. आपल्याकडे १९२० मध्ये कोलकात्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी स्थापिलेल्या बंगाल वॉटरप्रूफने ‘डकबॅक’ या नावाने स्वदेशी रेनकोट आणले आणि दोन पिढ्यांची शाळकरी मुले त्या करड्या-काळ्या कोटांत वाढली. त्याने हात मोकळे ठेवले खरे. पण दमट हवेत घामाला वाट मिळेना. बाहेरून कोरडे राहून आतून भिजण्याचा तो अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना इरल्याच्या उघड्या बाजूंचे मोल अधिक सांगायला नको.

पुढे प्लॅस्टिक आले आणि प्रथम ते इरल्यातच शिरले. पानांचा थर जाऊन बांबूच्या दोन जाळ्यांमध्ये प्लॅस्टिकचा कागद आला. मग बांबूही गेला. खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून खोळ होऊ लागली. घडी तीच, जी घोंगडीची होती. आज जून-जुलैत बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना रस्त्याकडेच्या खाचरांत निळे, पिवळे प्लॅस्टिक गळ्याशी बांधून रोपे लावणाऱ्या बायका दिसतात. दोन्ही हात चिखलात आहेत आणि पाठ झाकलेली आहे.