बोलके लाकूड, मुका बोल्ट

फणस तयार झाला की नाही, हे मुरुडात कुणी कापून पाहत नाही, थापटून पाहतात. कच्चा टणटण वाजतो, पिकत आलेला बद्द. जमिनीखाली शेकडो फूट उतरलेला खाणकामगारही डोक्यावरच्या छताशी हेच करत आला आहे. कामाला हात घालण्याआधी तो लोखंडी सळईने छत ठोकतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा शेजारी टेकवून ठेवतो. खणखणीत आवाज आला तर खडक एकसंध. बद्द आला किंवा तळव्याला कंप जाणवला तर वरचा थर सुटलेला. कोकणात अशा खोल खाणी नाहीत. इथली चिरेखाण उघडी, तिच्यावर आभाळाचे छत. तरीही हा इतिहास मुरुडकराला अगदीच परका नाही. खेडला गाडीत बसून मुंबईला निघालेला माणूस नातूवाडीच्या सुमारे ४.४ किलोमीटर बोगद्यातून जातो, तेव्हा त्याच्याही माथ्यावर डोंगर असतो. छताला आधार देण्याची कला सुधारत गेली, पण प्रत्येक सुधारणेबरोबर आधार अधिक मुका होत गेला, आणि म्हणून त्याची चाचणी हा आधाराचाच एक भाग ठरला, असे या इतिहासाचे सार मला दिसते.

महाराष्ट्रात हा इतिहास वर्धा नदीच्या खोऱ्यात शोधावा लागतो. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ साली बंद झाली आणि बल्लारपूर पुढे आले. इथला कोळसा गोंडवन काळातला. त्याच्यावर वालुकाश्म आणि शेल यांचे थर असतात. कोळशाचेच चौकोनी खांब मागे ठेवायचे आणि त्यांच्यामधून गल्ल्या काढायच्या, ही इथली रूढ पद्धत. गल्लीच्या छताला टेकू लाकडाचा. खांबाच्या डोक्यावर आडवी फळी ठेवून पाचर मारली की तो छताला घट्ट भिडायचा. १९०१ च्या खाण कायद्याने सरकारी तपासणीला कायद्याचे बळ दिले. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत अशा गल्लीची रुंदी साधारणपणे ४.८ मीटरपर्यंत मर्यादित होती, आणि टेकू मर्जीप्रमाणे न लावता ठरावीक अंतराने, ठरलेल्या पद्धतीने लावण्याचे बंधन होते. मात्र लाकडाचा खरा गुण कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता. भार वाढला की आधी वरची फळी चेपते, मग खांब करकरतो, वाकतो, तंतू सुटतात. मोडण्याआधी लाकूड ओरडते. त्या आवाजाने सावध होऊन माणसे मागे सरायची. टेकू हाच मापक होता, म्हणून वेगळ्या चाचणीची गरज फारशी भासली नाही.

रूफ बोल्ट आला आणि हे चित्र पालटले. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा प्रसार झाला. भारतात १९९० च्या पॉल समितीच्या शिफारशींनंतर तो कोळसा खाणींतला मुख्य आधार मानला जाऊ लागला. छतात दीड-पावणेदोन मीटरचे भोक पाडायचे, त्यात पाण्यात भिजवलेली सिमेंटची कॅप्सूल सारायची आणि पोलादी सळई आत घालून पट्टीसह आवळायची. लाकूड खालून तोलते, तर बोल्ट पातळ थरांना एकमेकांशी शिवून त्यांची जाड तुळई करतो. हिशेब साधा आहे. ४.८ मीटर रुंद गल्लीत एक मीटर जाडीचा थर सुटला आणि खडकाचे वजन घनमीटरला अडीच टन धरले, तर गल्लीच्या प्रत्येक मीटर लांबीवर १२ टन भार येतो. मीटरभरात चार बोल्ट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन टन. पण बोल्ट तेवढे पेलतो की नाही, हे खालून दिसत नाही. भोक जरा मोठे झाले, कॅप्सूल नीट भिजली नाही किंवा छतातून पाणी झिरपत असले, तर बाहेरून नीटनेटका दिसणारा बोल्ट आत सैल असू शकतो. म्हणून ओढ-चाचणी आली. बोल्टच्या बाहेर राहिलेल्या टोकावर पोकळ हायड्रॉलिक जॅक चढवतात, हातपंपाने दाब वाढवतात आणि काटा ठरलेल्या टनांवर पोचेपर्यंत सळई जागची हलते का ते पाहतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ओढ-चाचणी बोल्टची परीक्षा घेते, छताची नव्हे. बोल्टच्या लांबीच्याही वर थर सुटला, तर एकूण एक पास झालेले बोल्ट छतासकट खाली येतील. इंग्लंडमधल्या बिल्सथॉर्प खाणीत १८ ऑगस्ट १९९३ रोजी बोल्टवर भिस्त असलेल्या रस्त्याचे छत कोसळून तीन जण मृत्युमुखी पडले. पण यातून चाचणी निरुपयोगी ठरत नाही, ती अपुरी ठरते. उरलेला भाग भरून काढण्यासाठी ‘टेल-टेल’सारखी साधने आहेत. बोल्टच्याही वर, पक्क्या खडकात तार अडकवायची आणि तिचे रंगीत पट्ट्यांचे टोक भोकाच्या तोंडाशी लोंबत ठेवायचे. छत खाली सरकले की पट्टे एकेक करून भोकात दिसेनासे होतात. हिरवा गेला, पिवळा गेला, म्हणजे माणसांनी निघावे. लाकडाचे करकरणे इथे रंगात उतरले आहे. खडकाची पारख आधीच करण्याचेही प्रयत्न झाले. १९५६ साली धनबादला स्थापन झालेल्या खाण संशोधन केंद्राच्या परंपरेतून १९८७ मध्ये छताला गुण देण्याची पद्धत निघाली. शंभरपैकी सर्वाधिक ३० गुण थरांच्या जाडीला, आणि खडकाच्या नुसत्या ताकदीला अवघे १५. छत कोसळते ते बहुधा खडक कच्चा म्हणून नव्हे, थर सुटतात म्हणून, हा अनुभव त्या आकड्यांत दिसतो.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. छत ठोकून पाहणाऱ्या खाणीतल्या सरदाराचा, म्हणजे मुकादमाचा, कान आणि तळवा पिढ्यान्‌पिढ्या कामी आला, मग यंत्रांचा पसारा कशाला? ती पारख आजही लागते. पण सळईचा आवाज वरचा थोडाच भाग सांगतो, दोन मीटर वरची फट नाही. शिवाय यांत्रिक खाणीच्या गोंगाटात कानावर विसंबणे म्हणजे जुगार. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: चाचणीसाठी काम थांबते, आणि तसाही बहुतेक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. पण मँगनीजसाठी चिखला, गुमगाव, कांद्री इथे भूमिगत काम चालूच आहे. थांबलेल्या तासाचा हिशेब मांडायचा, तर छत कोसळल्यावर थांबणाऱ्या महिन्यांचाही मांडायला हवा. २०१७ च्या नव्या कोळसा खाण नियमावलीने आधाराच्या आराखड्याबरोबर थरांच्या देखरेखीची योजनाही मागितली, ती याच तर्काने.

बोगद्यांनी हेच कोकणाला शिकवले. पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण भुसभुशीत मातीमुळे बांधतानाच त्याने कोकण रेल्वेला सर्वांत जास्त छळले. १९९८ मध्ये मार्ग पूर्ण सुरू झाला तेव्हा प्रश्न मिटला असे वाटले. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात त्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै २०२४ मध्ये त्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या. एकदा दिलेला आधार कायमचा नसतो. पाणी, वेळ आणि खडक त्याच्यावर काम करतच असतात. म्हणून बोगदा किंवा खाण किती भक्कम बांधली, याबरोबरच तिचे छत शेवटचे कधी तपासले, हेही विचारले पाहिजे.